प्रश्न लहान करून द्यावा: प्राथमिक वयाच्या मुलांचे कुतूहल कसे जोपासावे

मुलांमध्ये जिज्ञासा निर्माण कशी करावी, असे पालक विचारतात तेव्हा मी आधी ‘निर्माण’ हा शब्दच खोडून काढते. पहिलीत येणारे मूल प्रश्न घेऊनच आलेले असते. चौथीपर्यंत ते गप्प झाले असेल, तर मधल्या काळात आपण मोठ्यांनी काय केले हे तपासावे. सोलापुरात या वयाच्या मुलांबरोबर काम करताना जी रीत टिकली, ती पुढे देत आहे. तिला विज्ञानाची महागडी खेळणी लागत नाहीत आणि सुट्टीतली शिबिरेही लागत नाहीत.

पहिली पायरी वहीची. शंभर पानी साधी वही घ्यावी, डाव्या पानावर तारीख आणि मुलाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहावा, उजवे पान कोरे ठेवावे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका येथे सुधारू नयेत. शहराच्या पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलली जाते, इतरत्र कन्नडही ऐकू येते. मुलाला प्रश्न घरच्या भाषेत सुचला तर तो त्याच भाषेत विचारू द्यावा.

दुसरी पायरी बाहेर पडण्याची. सिद्धेश्वर तलावाचा काठ, भुईकोट किल्ल्याची तटबंदी, गल्लीतला यंत्रमागाचा कारखाना, काहीही चालते. मात्र चार-पाच मुलांपेक्षा अधिक नेऊ नयेत, कारण शिटी वाजवून रांगेत चालवलेल्या सहलीत मुलांचे लक्ष पुढच्याच्या पाठीवर असते.

तिसरी पायरी थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद वाट पाहतात, आणि हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तर मुलांची उत्तरे लांबतात व त्यांचे स्वतःचे प्रश्नही वाढतात. मनात तीन अंक मोजावेत, एवढेच.

खरी अडचण चौथ्या पायरीवर येते, आणि हीच पायरी मलाही बरीच वर्षे जमत नव्हती. मुलाने ‘का’ विचारले की बहुतेक मोठी माणसे दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर पाच मिनिटांचे व्याख्यान देतात, नाहीतर हल्ली सर्वत्र दिल्या जाणाऱ्या सल्ल्याप्रमाणे ‘तूच शोध बरं’ असे हसत सांगून मोकळी होतात. व्याख्यानाने प्रश्न मरतो हे सर्वांना पटते, पण दुसरा मार्गही तितकाच वाईट आहे, कारण आठ वर्षांच्या मुलाला कोठून शोधायला लागावे हेच माहीत नसते आणि आपल्याला टाळले गेले हे त्याला नेमके कळते. उत्तर ठाऊक असताना अज्ञानाचे सोंग घेणे तर त्याहून वाईट. मुले ते पहिल्याच वेळी ओळखतात. मग मोठ्यांनी करायचे काय? तो प्रश्न मुलाच्या हाताला आणि डोळ्यांना झेपेल इतका लहान करून द्यायचा. ‘का’ क्षणभर बाजूला ठेवून त्याच्या पोटातला कोठे, केव्हा किंवा किती बाहेर काढायचा.

एका चौथीतल्या मुलीने घरची सोलापुरी चादर उलटी धरून विचारले होते, “बाई, या बाजूला फूल पांढरं आणि मागं लाल, असं का?” नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाची माहिती मला तेथेच सांगता आली असती. त्याऐवजी मी विचारले, “दोऱ्यांचे रंग किती आहेत, ते कोठे पाहता येईल?” तिने चादरीच्या टोकाच्या दशा मोकळ्या केल्या आणि लाल व पांढरे दोरे वेगळे काढून जमिनीवर मांडले. पुढच्या वेळी आम्ही लाल कार्डाच्या उभ्या पट्ट्या लावल्या आणि पांढऱ्या आडव्या पट्ट्या त्यांतून खालीवर घातल्या. समोर जेथे लाल चौकोन दिसत होता तेथे मागे पांढरा होता. हे तिने एकेक चौकोन बोटाने दाबत तपासले, आणि मग ताणा (उभे दोरे), बाणा (आडवे दोरे) हे शब्द मागावर काम करणाऱ्या आपल्या आजोबांकडून स्वतःच विचारून आणले.

दुसरे उदाहरण अधिक चिकाटीचे आहे. पारा चाळिशीपार गेला की येथे प्रत्येक मूल विचारते, उन्हाळ्यात इतके ऊन का लागते? हा प्रश्न एवढा मोठा आहे की त्यापुढे मोठेही अडखळतात. तो असा लहान करावा: दुपारची सर्वांत आखूड सावली दर महिन्याला किती लांब असते? गच्चीवर एक मीटरची काठी सरळ उभी करून बारा ते पाऊण या वेळात काही मिनिटांच्या अंतराने सावलीच्या टोकाशी खडूने खुणा कराव्यात. डिसेंबरच्या अखेरीस सर्वांत आखूड सावलीही साधारण 87 सेंटिमीटर भरते आणि ती उत्तरेकडे पडते. पुढे ती आखडत जाते, आणि 11 मेच्या आसपास सोलापुरात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन ती नाहीशी होते. जूनमध्ये मुले गोंधळतात, कारण ढग नसतील तर सुमारे 10 सेंटिमीटरची सावली आता दक्षिणेकडे पडलेली असते. या गोंधळात मध्ये पडू नये. वहीतल्या नोंदी त्यांना पुन्हा वाचू द्याव्यात. काठी चुकली की सूर्य सरकला, यावर त्यांना भांडू द्यावे.

प्रश्न लहान करताना एक पथ्य पाळावे: लहान केलेला प्रश्न मुलाने स्वीकारला पाहिजे. नळाला रोज पाणी का येत नाही, असे विचारणाऱ्या मुलाला आठवड्यातून कितीदा आणि किती वेळ पाणी येते याची नोंद ठेवायला सुचवले, आणि ‘ते मला नकोय’ असे तो म्हणाला, तर दुसरा मार्ग काढावा. त्याला उजनी धरणाचे पाणी शहरापर्यंत कसे येते हे जाणून घ्यायचे असू शकते.

पाचवी पायरी नोंदीची: जे दिसले ते उजव्या पानावर, शक्यतो चित्रात. पुस्तक, मोबाइल आणि जाणकार माणूस यांची पाळी त्यानंतर येते, आधी नाही.

बक्षिसांविषयी माझे मत ठाम आहे: ‘उत्तम प्रश्न’ म्हणून पेन्सिल, तारा, शिक्का, काहीही देऊ नये. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितलेली बालवाडीतली मुले नंतर मोकळ्या वेळात चित्रकलेकडे इतरांपेक्षा कमी वळली, आणि ही मुले मुळात आवडीने चित्रे काढणारी होती. पाहुणे आल्यावर ती वही त्यांच्यापुढे मांडणे हाही बक्षिसाचाच प्रकार आहे. वही मुलाच्या दप्तरात राहू द्यावी, आणि ती उघडायची झाल्यास आधी त्याला विचारावे.