आई-मुलाच्या नात्याचे सिद्धांत: मानसशास्त्राला नव्याने आलेल्यांसाठी

मी सोलापुरातच एम.ए. केलं. विकासात्मक मानसशास्त्राच्या पेपरसाठी बहुतेक जण बोल्बी, एन्सवर्थ ही आई-मुलाच्या बंधाच्या अभ्यासकांची नावं सालांसकट पाठ करून मोकळे होतात. माझं सांगणं एवढंच, की ही नावं सुटी वाचू नका. प्रत्येकाने आधीच्याचं काहीतरी खोडलंय. ते काय, हे सापडलं की घोकंपट्टी लागत नाही.

सुरुवात वॉटसनपासून करा. तो वर्तनवादी, म्हणजे मनात काय चाललंय यापेक्षा दिसणारं वागणं अभ्यासणारा. मुलांना कवटाळू नका, सकाळी हात मिळवा, असं त्याने १९२८ साली पालकांना बजावलं होतं. बाळ आईला चिकटतं ते पोट भरतं म्हणून, असं फ्रॉइडवादीही मानत आणि वर्तनवादीही. १९५८ मध्ये हार्लोने ते मोडून काढलं. त्याने माकडाच्या पिल्लांपुढे दोन खोट्या आया ठेवल्या, एक तारेची, एक मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असलं तरी पिल्लं बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून असत. वाचताना जीव कळवळतो, तरी वाचा. त्याच वर्षी बोल्बीने मांडलं की ही ओढ उपजत आहे, जीव वाचवण्यासाठी आहे.

एन्सवर्थ म्हटलं की सगळ्यांना तिची प्रयोगशाळेतली चाचणीच आठवते, आई मुलाला थोडा वेळ सोडून जाते आणि परत येते, ती. तिथेही आई गेल्यावर मूल किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, याला जास्त महत्त्व. हे लक्षात ठेवा, निम्मा गोंधळ इथेच होतो. पण त्याआधी १९५४-५५ मध्ये ती युगांडातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन बसली होती. आपल्याला ती एन्सवर्थ जास्त कामाची.

कारण आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, मूल एकट्या आईजवळ नसतंच. मी गेले त्या घरी आई विड्या द्यायला कारखान्यात गेलेली. आजी मांडीवर सूप घेऊन पानं कापत होती आणि वर्षाचं पोर तिच्या पाठीला रेलून उभं. मला पाहून दचकलं, आजीच्या पदरात तोंड खुपसलं, मग एका डोळ्याने माझ्याकडे बघायला लागलं. सुरक्षित आधार म्हणतात तो हाच.

म्हणून शाफर आणि इमर्सनचा १९६४ चा ग्लासगोतला अभ्यास सोडू नका. ६० बाळांपैकी बऱ्याच जणांचा वडील, आजी-आजोबा, भावंडं अशा अनेकांशी बंध जुळलेला दिसला. आईपासून तुटलं की मुलाचं नुकसान होतं, या बोल्बीच्या ‘मातृवंचने’च्या कल्पनेची रटरने १९७२ मध्ये केलेली चिकित्साही त्याच्या जोडीने वाचा.

प्रबंधासाठी वस्तीत जाणार असाल तर आधी घरच्यांची परवानगी घ्या. तिथे बऱ्याच घरांत तेलुगू बोलतात; ती येत नसेल तर येणारी मैत्रीण सोबत न्या. आणि वहीत दिसलं तेवढंच लिहा. आईशी बंध ‘असुरक्षित’ आहे, हा शिक्का प्रशिक्षणाशिवाय कुठल्याही लेकरावर मारू नका.