'स्वतःबद्दल सांगा' म्हटल्यावर अडकता? आधी स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, शेंद्र्याच्या कारखान्यांत मुलाखतीला जाणारी आपली पोरं कामात पक्की असतात. पण "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की नाव, गाव, वडील शेती करतात, इथंच गाडी अडते. त्यावर हे करून बघा.

१. उत्तर पूर्ण लिहू नका. चारच मुद्दे लिहा: शिक्षण, काम, प्रसंग, ही नोकरी का. सगळं लिहिलं की पाठांतर होतं आणि एक ओळ विसरली की पुढचं सगळंच जातं.

२. प्रसंग आकड्यासकट हवा. "मी मेहनती आहे" हे सगळेच म्हणतात. त्यापेक्षा "लेथ मशीनवर एका पाळीत ४० जॉब (सुटे भाग) निघायचे, टूल हाताशी मांडून ठेवल्यावर ४८ निघू लागले" असं सांगा. अनुभव नाही म्हणता? सोयाबीनच्या काढणीला बारा मजुरांचा हिशेब तुम्हीच ठेवला असेल, तर तोही अनुभवच. लाजू नका.

३. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच व्हॉइस नोट पाठवा, दीड मिनिटाच्या आत. मग ऐका. "म्हणजे" किती वेळा आलं ते मोजा. (पहिल्यांदा स्वतःचा आवाज नकोसा वाटतो, वाटू द्या.) तिसऱ्या खेपेला फरक कळतो.

"तुमची कमजोरी काय?" यालाही हीच रीत. खरी कमजोरी एका वाक्यात, तिच्यावर काय करताय ते दुसऱ्या वाक्यात.

फक्त आकडा फुगवू नका. पुढचा प्रश्न नेमका त्यावरच येतो.