स्कॅन कन्व्हर्टरने कॉम्प्युटरची स्क्रीन टेपवर घेताना या चुका टाळा

स्कॅन कन्व्हर्टर म्हणजे कॉम्प्युटरचं चित्र टीव्ही आणि व्हीसीआरला चालेल अशा सिग्नलमध्ये बदलणारा डबा. मॉनिटरवर लख्ख दिसणारी स्क्रीन त्यातून टेपवर उतरली की अक्षरं पुसट होतात, रेषा थरथरतात, मेन्यूची कड कापली जाते. मग कन्व्हर्टरच खराब निघाला असं ठरवून लोक दुसरा शोधायला लागतात. माझं ठाम मत आहे की यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ त्या डब्यात नसतं. टेपला झेपणार नाही अशी स्क्रीन आपण त्याच्याकडे पाठवतो, तिथे असतं. म्हणून आधी स्क्रीन टेपसाठी तयार करा, कन्व्हर्टरची बटणं त्यानंतर.

बारीक अक्षरं

ही सगळ्यांत मोठी चूक. साधी व्हीएचएस टेप आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांइतका तपशील धरते. उभ्या दिशेने दिसणाऱ्या ओळी पाल या भारतातल्या टीव्ही पद्धतीत 576, एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीत साधारण 480. यात 1024 × 768 ची स्क्रीन कोंबली की कन्व्हर्टरला ओळी गाळाव्या लागतात किंवा एकमेकींत मिसळाव्या लागतात. रेकॉर्डिंगपुरतं रिझोल्यूशन 800 × 600 वर आणा, जमलं तर 640 × 480 वर. नव्या कॉम्प्युटरवर ते मिळत नसेल, तर खिडक्या झूम करून अक्षरं चांगली मोठी करा. देवनागरी मजकूर असेल तर जास्तच काळजी घ्या, कारण अनुस्वार आणि रफार सर्वांत आधी नाहीसे होतात.

रेषांची थरथर

मॉनिटर चित्राच्या सगळ्या ओळी एकाच फेरीत वरून खाली काढतो. जुन्या टीव्हीची पद्धत वेगळी आहे. एका फेरीत एक आड एक ओळी, पुढच्या फेरीत मधल्या राहिलेल्या. पालमध्ये अशा 50 फेऱ्या सेकंदाला होतात, म्हणजे कुठलीही एक ओळ सेकंदाला 25 वेळाच उजळते. तक्त्याची एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ नेमकी एकाच फेरीत सापडते आणि डोळ्यांना ती लुकलुकताना दिसते.

यासाठी कन्व्हर्टरवर फ्लिकर फिल्टर असतो. तो शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळतो. थरथर थांबते, पण अक्षरांची धारही जाते. फिल्टर थेट शेवटच्या पायरीवर नेऊन ठेवणं म्हणूनच चूक आहे. आधी रेषा निदान दोन पिक्सेल जाड करा, पांढऱ्याशुभ्र पार्श्वभूमीऐवजी फिकट राखाडी घ्या, बारीक जाळीचा वॉलपेपर काढून टाका. एवढं केल्यावर उरलेल्या थरथरीला बहुधा मधली पायरी पुरते.

भडक रंग

व्हीएचएसवर रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा कितीतरी कमी उमटतो. निळ्यावर लाल अक्षरं लिहिली तर रंग एकमेकांत ओघळतात. गडद निळ्यावर फिकट पिवळं किंवा पांढरट अक्षर वाचता येतं, कारण तिथे फरक उजेडाचा असतो. कन्व्हर्टर आणि व्हीसीआर दोन्हींवर एस-व्हिडिओ असेल तर तीच केबल वापरा. तिच्यात उजेड आणि रंग वेगळ्या तारांतून जातात आणि अक्षरांच्या कडेने सरकणारे रंगीत ठिपके नाहीसे होतात. ते नसेल तर पिवळी आरसीए पिन. अँटेनाच्या सॉकेटमधून सिग्नल देणं हा शेवटचा उपाय.

कापलेल्या कडा

पिक्चर ट्यूबचे टीव्ही चित्राच्या कडा चौकटीमागे दडवतात. टास्कबार आणि मेन्यू नेमके तिथेच असतात. कन्व्हर्टरवरचं अंडरस्कॅन, म्हणजे चित्र थोडं लहान करून चौकटीच्या आत बसवणारी सोय, चालू करा, आणि महत्त्वाचा मजकूर मधल्या 80 टक्के भागातच ठेवा.

चित्रच येत नसेल तर

रिफ्रेश रेट, म्हणजे स्क्रीन सेकंदाला किती वेळा नव्याने काढली जाते, तो पाहा. 75 किंवा 85 हर्ट्झ अनेक कन्व्हर्टरना झेपत नाही, 60 ठेवा. लॅपटॉप असेल तर बाहेरचा डिस्प्ले चालू केलाय का? व्हीसीआर ट्यूनरवर (अँटेनाच्या वाहिन्यांवर) आहे की एव्हीवर (केबलच्या सॉकेटवर)? चित्र काळंपांढरं येतंय किंवा वरखाली सरकतंय, तर पाल-एनटीएससीचा स्विच बघा. एचडीएमआयचा छोटा कन्व्हर्टर असेल तर त्याची दिशा तपासा: एचडीएमआयकडून एव्हीकडे जाणारा आणि उलटा जाणारा दिसायला सारखेच असतात, पण एकाचं काम दुसरा करत नाही.

सगळी स्क्रीन येते आणि फक्त व्हिडिओची खिडकी काळी दिसते, असंही जुन्या कॉम्प्युटरवर होतं. ग्राफिक्स कार्ड तो व्हिडिओ मुख्य डिस्प्लेवरच दाखवतं. बाहेरचा डिस्प्ले मुख्य करा किंवा प्लेअरच्या सेटिंगमधलं हार्डवेअर ओव्हरले (व्हिडिओ ग्राफिक्स कार्डकडून वेगळा दाखवण्याची सोय) बंद करा. विकत घेतलेली डीव्हीडी चालवताना चित्र आपोआप उजळत-अंधारत असेल तर ते कॉपी संरक्षण असू शकतं. तिथे केबल बदलून काही होणार नाही. चित्रावरून आडवा पट्टा हळूहळू सरकत असेल आणि आवाजात घरघर असेल, तर कॉम्प्युटर आणि व्हीसीआर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा.

व्हीजीएच्या कन्व्हर्टरमधून आवाज जात नाही, हे ऐन वेळी लक्षात येतं. साउंड कार्डच्या लाइन-आउटपासून व्हीसीआरच्या लाल-पांढऱ्या सॉकेटपर्यंत वेगळी केबल लागते.

चाचणी कशी घ्यावी

रेकॉर्डिंग चालू असताना टीव्हीवर दिसतं ते व्हीसीआरमध्ये येणारं चित्र. टेपवर उमटलेलं चित्र ते नव्हे. त्यावर विसंबून तासाभराचं काम करू नका. व्हीसीआर एलपी या संथ वेगावर नको, एसपी या नेहमीच्या वेगावर ठेवा, स्क्रीनसेव्हर आणि सूचना बंद करा, दोन मिनिटं रेकॉर्ड करून टेप मागे घ्या आणि बघा. बघताना नेहमीच्या अंतरावर बसा आणि सगळ्यांत लहान अक्षर वाचा. वाचता आलं नाही, तर कन्व्हर्टरला हात न लावता आधी ते अक्षर मोठं करा आणि पुन्हा दोन मिनिटं रेकॉर्ड करा.