पाणबुडी तळाला बसली तर आतल्या माणसांना वर कसं काढतात (आणि त्यात आपल्या मासेमारी बोटींचं काम काय)

पाणबुडी रेस्क्यू म्हटलं की सगळे त्या छोट्या डीएसआरव्हीबद्दलच (अडकलेल्यांना आणायला खाली जाणारं छोटं बचाव-वाहन) विचारतात, किती खोल जाते, किती माणसं बसतात वगैरे. पण ते वाहन पाण्यात उतरतं सगळ्यात शेवटी, त्याच्या आधी पाणबुडी नेमकी कुठे बसलीय ते कळायला हवं आणि घड्याळ तिथेच पळत असतं.

आत अडकलेल्यांना ऑक्सिजन संपण्याआधी कार्बन डायऑक्साइडचा त्रास सुरू होतो, म्हणून ते दिवे कमी करून पडून राहतात, शक्यतो बोलत नाहीत. अडकल्याचं कळवायला बऱ्याच पाणबुड्यांवर एक बोया असतो, तो सोडला की दोरी किंवा केबलसकट वर येतो. 1939 साली अमेरिकेची स्क्वालस साधारण 73 मीटरवर बुडाली, तिचा बोया दुसऱ्या पाणबुडीला दिसला, त्यात टेलिफोन होता, खालच्यांशी बोलणंसुद्धा सुरू झालं आणि लाटेवर वरची बोट उचलली गेली तशी केबल तुटली. तरी जागा कळलेली होती म्हणून घंटेसारखं चेंबर खाली सोडून 33 जणांना काढता आलं, बाकीचे 26 आधीच मागच्या भागात पाणी शिरून गेले होते.

म्हणून हर्णे, मिरकरवाडा, देवगड, मालवण, वेंगुर्ला कुठल्याही बंदरातले तांडेल (बोटीचे प्रमुख) असाल तर एवढं डोक्यात ठेवा. खोल समुद्रात अनोळखी, भडक रंगाचा, दिवा किंवा अँटेना असलेला बोया दिसला तर त्याला बोट बांधायची नाही, ओढायचा नाही, दोरी तर अजिबात कापायची नाही. जीपीएसवर पॉइंट मार्क करा, वेळ लिहा, जाळं पाण्यात असेल तर त्या बाजूला न नेता उचलून घ्या. मग व्हीएचएफ चॅनल 16 वर कळवा, फोनला रेंज असेल तर कोस्ट गार्डचा 1554 किंवा सागरी पोलिसांचा 1093. आणि थोडं लांब जाऊन थांबा, कारण खालची माणसं आतून ठोकून खूण देत असतील तर ती सोनारवर (आवाजावरून पाण्याखालचा वेध घेणारं यंत्र) ऐकावी लागते आणि आपल्या इंजिनाचा आवाज त्यात मिसळतो. बोया दुसऱ्याच कशाचा निघाला तरी चालेल, पण कळवा.

आता नेव्हीचं काम. आपल्याकडे डीएसआरव्हीचे दोन संच आहेत, एक मुंबईला आणि एक विशाखापट्टणमला, मुंबईचा डिसेंबर 2018 मध्ये दाखल झाला. हा संच विमानानेही नेता येतो. मग तो जहाजावर चढवतात, 2018 च्या चाचण्यांना मुंबईजवळ एससीआय साबरमती वापरलं होतं, आणि जुलै 2025 मध्ये आयएनएस निस्तार हे खास त्यासाठीही बांधलेलं जहाज विशाखापट्टणमला दाखल झालं.

जागेवर पोचलं की आधी साइड स्कॅन सोनारने तळ तपासतात, मग आरओव्ही (वरून चालवायचं, माणूस नसलेलं यंत्र) खाली जातो, कॅमेऱ्याने बघतो, हॅचवर (पाणबुडीच्या वरच्या झाकणाच्या दारावर) जाळी, दोर, मोडतोड काही असेल तर काढतो. वेळ लागणार असेल तर पॉड्समधून (बंद डब्यांमधून) ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारी सामग्री आत पोचवतात. यानंतर डीएसआरव्ही पाण्यात. माझ्या मते सगळ्यात अवघड हाच भाग, खाली शांत असतं पण वर आपला पावसाळी समुद्र असेल तर एवढं जड वाहन लाटांवर उतरवणं आणि परत उचलणं म्हणजे जहाजाच्या लोकांची खरी परीक्षा.

खाली गेल्यावर पायलट ते हॅचवर बरोबर बसवतो. वाहनाच्या तळाला गोल स्कर्ट असतो, त्यातलं पाणी काढून टाकलं की बाहेरच्या पाण्याचा दाबच वाहनाला हॅचवर दाबून धरतो. 100 मीटरवर हा दाब दर चौरस मीटरला साधारण 100 टन, म्हणजे वेगळ्या कुलपाची गरजच नाही. मग दोन्ही हॅच उघडतात आणि माणसं वर येतात. ऑक्टोबर 2018 मध्ये 300 फुटांपेक्षा खोल बसवलेल्या पाणबुडीला जोडून आपल्या नेव्हीने हे प्रत्यक्ष करून पाहिलंय.

एका फेरीत 14 जण. आपल्या नेव्हीच्या कलवरी वर्गाच्या पाणबुडीवर साधारण 43 माणसं, म्हणजे तीन फेऱ्यांत 42 आणि उरलेल्या एकासाठी चौथी फेरी. जखमी कोण, आधी कोण, हे आतल्यांनी ठरवून ठेवायला लागतं.

डीएसआरव्हीची मर्यादा 650 मीटर खोलीची. कोकणासमोरचा समुद्र बराच लांबपर्यंत त्याच्या आत आहे, पुढे शेल्फ (किनाऱ्यालगतचा उथळ तळ) संपला की तळ झपाट्याने खाली जातो. 2021 मध्ये इंडोनेशियाच्या नांगाला पाणबुडीसाठी भारताने विशाखापट्टणमचा संच पाठवला होता, पण ती 800 मीटरच्याही खाली तुटलेली सापडली, 53 जण गेले.

वर आणलेल्यांना मात्र लगेच डेकवर सोडत नाहीत. पाणबुडीत पाणी शिरलेलं असेल तर आतल्या हवेचा दाब वाढलेला असतो, एकदम बाहेर काढलं तर रक्तात बुडबुडे होतात, म्हणून डीएसआरव्ही थेट जहाजावरच्या चेंबरला जोडतात आणि दाब हळूहळू उतरवतात, त्याला कित्येक तास लागू शकतात आणि तोवर डॉक्टरसुद्धा एअरलॉकमधूनच (दाब जुळवून घ्यायची दोन दारांची छोटी खोली) आत जातो.