घाम लागेपछि: नेपाळमधले माझे चार आठवडे

'देवनागरीच आहे की, वाचता येईल.' एवढ्या भांडवलावर मी बी.एड. करताना नेपाळला शिकवायला गेले. नाशिकरोडहून गोरखपूरची गाडी, तिथून बसने सीमेवरचं सुनौली. तुमचंही असं काही जमत असेल तर माझी फजिती आधी ऐका.

पाठ टाचण, फलकलेखन तुम्हाला येतंच. सीमेवर आधार दाखवत बसू नका, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र काढा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. मी केलं नाही आणि पहिल्याच दिवशी प्रार्थना हुकली.

आता मुख्य गोष्ट. सहावीला बाष्पीभवन शिकवलं, अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत. शेवटी पाठ केलेला शब्द टाकला, 'बुझ्यौ?', म्हणजे 'समजलं?' अख्खा वर्ग एका सुरात, 'बुझ्यौँ मिस!' मी खूश. संध्याकाळी वह्या तपासायला घेतल्या. एका मुलीने लिहिलं होतं, 'घाम लागेपछि पानी सुक्छ.' घाम आल्यावर पाणी कसं सुकेल? मारली लाल काट.

नेपाळीत घाम म्हणजे ऊन. ऊन पडलं की पाणी सुकतं. वर्गातलं सगळ्यात नेमकं उत्तर मी खोडलं होतं. तिथल्या विज्ञानाच्या सरांनी चहा पिताना हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी वर्गासमोर चूक कबूल केली, तरी त्या पोरीने दोन दिवस हात वर केला नाही.

लिपी परकी असती तर मी विचारलं असतं. ओळखीची होती म्हणून विचारायचं सुचलंच नाही. 'शिक्षा' म्हणजे शिक्षण हे हिंदीमुळे आपल्याला ठाऊक असतं, पण 'खोला' म्हणजे ओढा हे कोण सांगणार? म्हणून पाठातले वीसतीस शब्द आदल्या दिवशी तिथल्या शिक्षकांकडून तपासून घ्या. आणि 'समजलं का?' विचारूच नका, कुठल्याच भाषेत. चित्र काढायला लावा, एकाला दुसऱ्याला समजावायला लावा.

आमच्या कॉलेजातल्या बाईंनी टाचणाच्या वहीतले समास, म्हणजे कडेची मोकळी जागा, तपासले, भाषेचं एका शब्दाने विचारलं नाही. खरा मार्गदर्शक तुम्ही गेल्यावर तोच वर्ग सांभाळणारा माणूस, हे माझं मत. पैसे घेऊन 'परदेशी अध्यापनाचं' प्रमाणपत्र देणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, मुलांसोबतचे फोटो सोडून हाती काही लागत नाही.

परत आल्यावर भरायच्या अहवालात एक रकाना होता: शाश्वत विकासाच्या कोणत्या ध्येयाला हातभार लावला? संयुक्त राष्ट्रांत 2015 साली ठरलेली 17 ध्येयं, मुदत 2030. मी 'ध्येय 4, दर्जेदार शिक्षण' ठोकून दिलं. नंतर मजकूर नीट वाचला. त्यातल्या 4-सी या उपलक्ष्यात प्रशिक्षित शिक्षकांची संख्या वाढवण्याची गोष्ट आहे, विकसनशील देशांतल्या शिक्षक-प्रशिक्षणाला आंतरराष्ट्रीय सहकार्यही त्यात येतं. मी तर स्वतःच अर्धीकच्ची. फार तर 4.7 लागू पडेल, जागतिक नागरिकत्व आणि सांस्कृतिक विविधतेची जाण. पण तिथे शिकणारी मी होते. तसंच लिहा अहवालात, कुणी मार्क कापत नाही.

जाऊ नका असं म्हणत नाही. जाच. फक्त हे आठवडे आंतरवासितेत, म्हणजे बी.एड.च्या शाळेतल्या सक्तीच्या सरावात, धरणार का, ते आधी लेखी घ्या. माझे धरले नाहीत, परत येऊन पूर्ण 16 आठवडे केले.

ते नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याकडच्या शाळेत. मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी. पहिल्याच वहीत एक शब्द अडला. पेनाला टोपण लावलं आणि ज्याची वही त्यालाच बोलावलं, 'हे काय रे?' तो पाच मिनिटं सांगत होता, हातवारे करून.