हंसाच्या पिल्लांना अँटीबॉडी टोचताना या चुका टाळा

पिल्लू कळपाबरोबर चरायला जातं, गवताची पात तोडतं आणि न गिळताच मान झटकून टाकून देतं. बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय. गूज पार्व्हो या हंसाच्या पिल्लांच्या विषाणूजन्य आजाराची सुरुवात बऱ्याचदा अशी होते. मग पांढरट-पिवळी, पाण्यासारखी हगवण लागते आणि घरात सिरिंजची शोधाशोध सुरू होते. पहिली चूक तिथेच झालेली असते: उशीर.

हा आजार १९५६ मध्ये चीनच्या यांगझो भागात फांग डिंगयी यांनी ओळखला. युरोपात त्याला हंगेरीचे संशोधक डेर्झी यांचं नाव मिळालं. महिन्याच्या आतल्या पिल्लांवर त्याचा घाला पडतो, आणि पहिल्या आठवड्यात लागण झाली तर जवळजवळ अख्खी तुकडी हातची जाऊ शकते. चीनमध्ये यावर दोन गोष्टी वापरतात: लस टोचून तयार केलेल्या हंसांच्या रक्ताचं सीरम (अँटीबॉडी असलेला पातळ भाग), किंवा लस दिलेल्या पक्ष्यांच्या अंड्यातल्या बलकापासून काढलेल्या अँटीबॉडी.

या अँटीबॉडी रक्तात फिरणाऱ्या विषाणूला धरतात. आतड्याचं अस्तर एकदा गळून पडलं, की ते परत आणणं त्यांच्या हातात नाही. मेलेलं पिल्लू उघडून पाहा. लहान आतड्याच्या शेवटाकडचा भाग फुगून कडक झालेला असतो. चिरला तर आत राखाडी-पांढरी कांडी निघते, मेणबत्तीच्या तुकड्यासारखी. सडलेलं अस्तर आणि गोठलेला स्राव मिळून ती झालेली असते. अशा अवस्थेतल्या पिल्लाला दुप्पट डोस देऊन काय होणार? म्हणून धोक्याच्या भागात पहिल्याच दिवशी, मानेच्या कातडीखाली, साधारण अर्धा मिली टोचतात (अचूक मात्रा बाटलीवरची बघा). कळपात आजार शिरलाच, तर धडधाकट दिसणाऱ्या पिल्लांना आधी टोचा. वाचण्याची शक्यता तिथे जास्त असते.

दुसरी चूक म्हणजे अँटीबॉडीला लस समजणं. हे बळ उसनं असतं, एक-दोन आठवड्यांत ओसरतं. त्यातच "दोन्ही एकदम देऊन टाकू" म्हणून त्याच दिवशी जिवंत लस टोचली, तर अँटीबॉडी लसीतल्या विषाणूलाच गारद करतात. पैसे दोन्हीचे, फायदा एकाचा. मधलं अंतर पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या.

घरी बलक फेटून, गाळून टोचण्याचा जुगाड तर करूच नका. ज्या पक्ष्यांची अंडी, त्यांचे साल्मोनेलासारखे जंतू त्या बलकातून थेट पिल्लाच्या कातडीखाली जातात.

फ्रिजमधली बाटली काढून तशीच गार टोचणं, एकाच सुईने शंभर पिल्लं उरकणं, ब्रूडरची (पिल्लं उबेत ठेवायच्या जागेची) ऊब कमी पडलेली असणं, यांनीही पिल्लं दगावतात आणि खापर औषधावर फुटतं.

बरं, सगळं नीट करूनही पिल्लं मरत असतील तर? आजार तोच आहे का, हे आधी तपासा. हृदयावर आणि यकृतावर चुना शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसला, तर तो गाऊट, म्हणजे शरीरात युरिक अॅसिडचे क्षार साठण्याचा आजार. चीनमध्ये गेल्या काही वर्षांत अॅस्ट्रोव्हायरस या वेगळ्या विषाणूमुळे पिल्लांमध्ये त्याच्या साथी आल्या आहेत. पार्व्होची अँटीबॉडी त्याला लागू पडत नाही. अँटिबायोटिकही दोन्ही विषाणूंना काही करत नाही, फार तर मागून येणारे जंतू रोखतं.

आणि प्रत्येक तुकडी तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच आजारी पडत असेल, तर गोठ्यात कारण शोधू नका, हॅचरीत शोधा. उबवण थांबवा, मशीन, ट्रे आणि अंड्यांना जंतुनाशकाची नीट धुरी द्या. हा विषाणू चिवट आहे, ६५ अंशांच्या उष्णतेत अर्धा तास टिकतो, नुसत्या गरम पाण्याने जात नाही. पुढच्या हंगामासाठी माद्यांना अंडी सुरू होण्याआधीच लस द्या, म्हणजे पिल्लू बलकातूनच आईच्या अँटीबॉडी घेऊन बाहेर येतं.