"डेटा सिंक्रोनाइज्ड असावा" एवढंच लिहून भागत नाही: अ‍ॅक्सिलरेटरच्या डेटा अ‍ॅक्विझिशनची रिक्वायरमेंट कशी लिहायची

अंबड एमआयडीसीत आम्ही पॉवर सप्लाय आणि त्यांचे कंट्रोल पॅनेल बनवतो, त्यामुळे आमच्याकडे अ‍ॅक्सिलरेटर म्हटलं की आधी स्कूटीचाच आठवतो. पण मध्यंतरी चौकशी आली ती खरोखरच्या पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटरच्या मॅग्नेट सप्लायची (इलेक्ट्रॉनसारखे कण प्रचंड वेगाने पळवणारं यंत्र, त्यातल्या मॅग्नेटना वीज देणारे हे सप्लाय), आणि सोबतच्या कागदात सॉफ्टवेअरबद्दल एकच ओळ: "सर्व डेटा सिंक्रोनाइज्ड असावा." बस. आता ह्या ओळीवर कोट काय द्यायचं आणि टेस्ट काय करायची? तेव्हा जे धडपडत शिकलो ते इथे टाकतोय, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी आमचीच एक फजिती सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. आमच्या बेंचवर एक सप्लाय सारखा ट्रिप होत होता म्हणून तीन लॉगर लावले, एक करंटला, एक इंटरलॉकला (गडबड दिसली की सप्लाय बंद करणारं सर्किट), एक कूलिंगच्या पाण्याच्या फ्लोला. एक्सेलमध्ये एकत्र केलं तर काय दिसावं, करंट आधी शून्यावर आला आणि पाण्याचा फ्लो त्यानंतर ४ सेकंदांनी घसरला. म्हणजे पाण्याचा दोष नाही, सप्लायच खराब, असं धरून आम्ही दोन दिवस कार्डं बदलत बसलो. शेवटी वायरिंगवाले काका म्हणाले, "अरे पण ह्यातलं खरं घड्याळ कुठलं धरलंय तुम्ही?" फ्लोच्या लॉगरचं घड्याळ पुढे होतं! राउटर रात्री बंद करायची आमची सवय, त्यामुळे त्या बिचाऱ्याला बरोबर वेळ कधी मिळतच नव्हती. अ‍ॅक्सिलरेटरमध्ये हाच घोळ होतो, फक्त सेकंदांच्या जागी मायक्रो आणि नॅनोसेकंद असतात आणि लॉगर तीन नसून शेकड्यात असतात.

तर पहिलं काम, मशीनचा ठेका काय आहे ते विचारा. हे विचारल्याशिवाय पुढची एक ओळसुद्धा लिहू नका. अमेरिकेतल्या स्लॅक प्रयोगशाळेच्या एलसीएलएस ह्या एक्स-रे लेसरचं मूळ मशीन सेकंदाला १२० पल्सचं (पल्स म्हणजे कणांचा एकेक छोटा गठ्ठा), म्हणजे दोन पल्समध्ये ८.३ मिलिसेकंद. हॅम्बर्गच्या युरोपियन एक्सएफईएल ह्या तशाच लेसरमध्ये सेकंदाला १० झुबके येतात पण एका झुबक्यात २७०० पर्यंत पल्स, आणि आतल्या दोन पल्समध्ये २२० नॅनोसेकंदांच्या आसपास. आपल्याकडे इंदूरच्या आरआरकॅट ह्या संशोधन केंद्रातली इंडस-२ ही स्टोरेज रिंग (इलेक्ट्रॉन गोल फिरवत ठेवणारी कडी) आहे, २.५ जीईव्ही ऊर्जेची, घेर सुमारे १७२ मीटर, तिथे इलेक्ट्रॉनचा एक फेरा साधारण ५७५ नॅनोसेकंदांत होतो, म्हणजे सेकंदाला १७ लाखांच्या वर फेरे. आता सांगा, "एकाच वेळेचा डेटा" म्हणजे ह्या तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट आहे का? म्हणून कागदावर "एकाच वेळेचा" हा शब्द मी ठेवतच नाही, "एकाच पल्सचा" किंवा "एकाच फेऱ्याचा" असं लिहून घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक जण म्हणतात, सगळ्या मशीनला एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळं जुळवायची नेहमीची पद्धत) लावा, टाइमस्टॅम्प म्हणजे वाचनावरचे वेळेचे शिक्के जुळवा, झालं काम. एनटीपीने चांगल्या लोकल नेटवर्कवर मिलिसेकंद किंवा त्याच्या आतबाहेर जुळतं, आणि ८.३ मिलिसेकंदांच्या गॅपला ते पुरेल असंच वाटतं. पण गोम घड्याळात नाहीये, शिक्का कधी मारला त्यात आहे. एडीसीने (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपने) वाचन घेतलं, ते रजिस्टरमध्ये पडून राहिलं, मग ऑपरेटिंग सिस्टिमला सवड झाली तेव्हा प्रोग्रॅमने ते उचललं आणि तेव्हाची वेळ छापली, ह्यात कधी १० मिलिसेकंद गेले की पल्स नंबर ५०० चं वाचन ५०१ च्या नावावर जमा. घड्याळ अगदी बरोबर आणि डेटा चुकीचा. हे सापडणं महाकठीण, कारण आकडे दिसायला छान दिसतात.

म्हणून दोन ओळी हव्यातच. एक, टाइमस्टॅम्प ट्रिगर (आता वाचन घे, असा इशारा) आला त्या क्षणाचा हवा आणि तो हार्डवेअरमध्ये लागला पाहिजे, सॉफ्टवेअरने वाचलं तेव्हाचा नको. दोन, प्रत्येक वाचनासोबत पल्स आयडी, म्हणजे त्या पल्सचा नंबर हवा आणि डेटा जुळवताना आयडीवरून जुळवायचा, घड्याळ फक्त माणसाला वाचायला. स्लॅकने हे कसं केलं ते मला फार आवडतं. एपिक्स (अशा मशीनसाठीचं कंट्रोल सॉफ्टवेअर) च्या टाइमस्टॅम्पमध्ये सेकंद आणि नॅनोसेकंद असे दोन रकाने असतात, त्यातल्या नॅनोसेकंदांच्या खालच्या १७ बिटांत त्यांनी पल्स आयडीच कोंबला, वेगळा रकाना लागलाच नाही. किंमत काय, तर वेळ साधारण ०.१३ मिलिसेकंदाने ढिली झाली, आणि ८.३ च्या गॅपमध्ये ती चालून जाते. फक्त १७ बिट म्हणजे १ लाख ३१ हजारांपर्यंतच मोजता येतं, आणि तिथला काउंटर सेकंदाला ३६० ने पळतो, म्हणजे सहा मिनिटांत पुन्हा शून्य. तेव्हा काउंटर किती बिटांचा, किती वेळाने शून्यावर येतो आणि आल्यावर सॉफ्टवेअरने काय करायचं, हेही कागदावर पाहिजे.

हा ट्रिगर सगळीकडे पोचवायचा कसा, ते खरं तर हार्डवेअरवाल्यांचं काम, पण रिक्वायरमेंटमध्ये आकडा आपण लिहायचा असतो म्हणून थोडं माहीत हवं. बऱ्याच ठिकाणी इव्हेंट सिस्टिम असते, एक इव्हेंट जनरेटर फायबरवरून ८ बिटांचे कोड सोडत राहतो आणि जागोजागचे रिसीव्हर ते ओळखून ट्रिगर देतात. इव्हेंट क्लॉक १२५ मेगाहर्ट्झचं असेल तर एक टिक ८ नॅनोसेकंदांचा. दुसरा रस्ता सर्नमध्ये सुरू झालेल्या व्हाइट रॅबिटचा, इथरनेटवरच चालतो पण नॅनोसेकंदाच्या आत जुळवतो, कारण तो फायबरमध्ये सिग्नलला किती वेळ लागला ते स्वतः मोजून वजा करतो.

हे वजा करणं का लागतं? आपला नाशिक ढोल आठवा. पुढे ताशा वाजतो आणि ३४ मीटर मागे उभा असलेल्या ढोलवाल्याला तो ठोका ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो, आवाज सेकंदाला ३४० मीटरच जातो ना. त्याची काही चूक नाही, ऐकल्याबरोबर त्याने टिपरू हाणलं, तरी पुढच्याला तो मागे पडल्यासारखाच वाटणार. फायबरमध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात, १०० मीटर फायबर म्हणजे ५०० नॅनोसेकंद, म्हणजे इंडस-२ च्या जवळजवळ एका फेऱ्याएवढा उशीर. तेव्हा प्रत्येक चॅनेलचा केबल डिले मोजून कॉन्फिगरेशनमध्ये ठेवता आला पाहिजे आणि केबल बदलली की तो आकडा कोणी, कधी बदलला ह्याची नोंद राहिली पाहिजे. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात, मग सहा महिन्यांनी एकमेकांकडे बघत बसतात.

हुकलेल्या डेटाचं काय करायचं तेही लिहा. एखाद्या पल्सचं वाचन आलंच नाही तर सॉफ्टवेअर गुपचूप मागचाच आकडा पुढे ढकलतं, आणि आलेख काय गुळगुळीत दिसतो! माझ्या मते ह्याच्याइतकी घातक सोय दुसरी नाही. सरळ लिहायचं, वाचन नसेल तर त्या आयडीपुढे "नाही" अशी खूण हवी, जुना आकडा चालणार नाही.

डेटा किती होणार त्याचा हिशोब कोट द्यायच्या आधी करा. २०० सिग्नल, सेकंदाला १२० वेळा, ८ बाइटचं वाचन, म्हणजे सेकंदाला १९२ किलोबाइट, दिवसाला साडेसोळा जीबी, साधी हार्ड डिस्कसुद्धा हसत घेईल. पण रिंगमध्ये प्रत्येक फेऱ्याला समजा कणांच्या झोताची (बीमची) जागा सांगणारे ५० पोझिशन मॉनिटर वाचायचे आणि प्रत्येकाचे ८ बाइट, तर सेकंदाला जवळपास ७०० एमबी, तासाला अडीच टीबी. हे कोणी सतत साठवत नाही, मेमरीत गोल फिरणारा बफर ठेवतात आणि बीम गेला की तो गोठवतात. म्हणून विचारायचं, ट्रिपच्या आधीचे किती फेरे हवेत, नंतरचे किती, आणि बफर वाचून होईपर्यंत दुसरी ट्रिप आली तर? ह्या शेवटच्या प्रश्नावर पलीकडे हमखास शांतता पसरते.

वेळेच्या बाबतीत दोन खड्डे. एपिक्सची वेळ १ जानेवारी १९९० पासून मोजतात आणि लिनक्सची १९७० पासून, फरक ६३,११,५२,००० सेकंद, तेव्हा डेटा २० वर्षं मागेपुढे दिसला की हे आधी बघा. दुसरा लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला यूटीसी ह्या जागतिक प्रमाणवेळेत घातलेला जादा सेकंद. शेवटचा आला तेव्हा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ची पहाट होती, ५ वाजून २९ मिनिटं आणि ६० वा सेकंद. व्हाइट रॅबिट आणि पीटीपी (एनटीपीपेक्षा नेमकी वेळ जुळवणारी पद्धत) एरवी टीएआय, म्हणजे लीप सेकंद नसलेली अणुघड्याळांची वेळ वाहतात, ती यूटीसीच्या ३७ सेकंद पुढे आहे, म्हणून दोन डब्यांत बरोबर ३७ सेकंदांचा फरक दिसला तर कार्ड बदलत बसू नका, कोणती वेळ साठवायची ते कागदावर ठरवा.

आता प्रत्यक्ष ओळ कशी दिसते ते बघा. आम्ही त्या एका ओळीच्या जागी असं लिहिलं: "निवडलेल्या ४८ सिग्नलांचं प्रत्येक पल्सचं वाचन त्याच पल्सच्या आयडीसह साठवलं जाईल, सर्व वाचनं ट्रिगरपासून १०० मायक्रोसेकंदांच्या आत घेतलेली असतील, आणि सलग १ लाख पल्सच्या चाचणीत एकही वाचन चुकीच्या आयडीवर नसेल." आकडे तुमच्या मशीनप्रमाणे बदलतील, पण आकडा नाही आणि चाचणी नाही अशी ओळ दिसली की ती परत पाठवा.

चाचणीला अ‍ॅक्सिलरेटर लागत नाही. एपिक्स फुकट मिळतं, त्याचा सॉफ्ट आयओसी (खास हार्डवेअर न लागणारा सर्व्हर प्रोग्रॅम) लॅपटॉपवर चालतो, बाकी सिग्नल जनरेटर, दोन एडीसी कार्डं आणि सारख्या लांबीच्या केबल. एकच सिग्नल सगळ्या चॅनेलला द्यायचा आणि मधूनच एक पल्स गाळायचा, तर सगळ्या चॅनेलमध्ये खड्डा एकाच आयडीवर दिसला पाहिजे. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा एका कार्डाचा खड्डा कायम एक घर पुढे, ४१२ च्या जागी ४१३. घड्याळं तपासली, केबल बदलल्या, काही नाही. मग सापडलं, एक कार्ड ट्रिगर आला की आधी वाचत होतं आणि मग काउंटर वाढवत होतं, दुसरं आधी वाढवून मग वाचत होतं, आणि दोन्ही आमच्या कागदाप्रमाणे बरोबरच होती. त्या दिवशी कागदात अजून एक ओळ वाढली, आयडी इव्हेंटसोबत वरून येईल, कार्ड स्वतः मोजणार नाही.